पाचाचे चार सांगणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना आणि खोटा ताणकाटा आहे. जुना झालो यात माझा दोष नाही. खोटा झालो यातही नाही, पण ते ऐकून घ्यायला कोणाला वेळ नसतो. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही माझं चित्र पाहिलं असेल. वर कडी, खाली हुक, मध्ये गोल तबकडी आणि आत एक स्प्रिंग. चित्रात मी फार सज्जन दिसतो.

एके काळी मी तसा होतोही. कारखान्यात मला टांगून माझ्या हुकाला पितळी वजनं लावली गेली. एक किलोला मी एक दाखवला, दहाला दहा, चाळीसला चाळीस. निरीक्षकानं मान डोलावली आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. मग अकरा वर्षं मी एका पार्सल ऑफिसात काम केलं. तिथला कारकून रोज सकाळी काम सुरू होण्याआधी माझी तबकडी फडक्यानं पुसायचा. लोक खोक्यांवर हात ठेवून, श्वास रोखून माझ्याकडे बघायचे आणि मी सांगेन ते मुकाट्यानं मान्य करायचे. त्या दिवसांची आठवण आली की अजून माझी स्प्रिंग थरथरते.

पुढे ऑफिसात विजेवर चालणारा काटा आला आणि मला भंगारात काढलं. माझा सध्याचा मालक भंगारवाला आहे. त्यानं मला किलोच्या भावानं विकत घेतलं. मी स्वतःला स्वतःच्या हुकाला लावू शकत नव्हतो, म्हणून दुसऱ्याच काट्यानं माझं वजन केलं. एवढा अपमान कमी होता म्हणून की काय, दोन दिवसांनी त्यानं माझं मागचं झाकण उघडलं. माझ्या स्प्रिंगला वीस वेढे आहेत. त्यातले चार त्यानं तांब्याच्या तारेनं एकत्र आवळले. झाकण लावलं, चार स्क्रू पिळले आणि हात झटकले.

ते चार वेढे तेव्हापासून ताणले जाईनात. त्यामुळे पाच किलोचे मी चार सांगू लागलो. हुक रिकामा असला की मात्र काटा बरोबर शून्यावर उभा. मालक गिऱ्हाइकाला मोठ्या प्रामाणिकपणे दाखवायचा, "बघून घ्या, शून्य आहे ना?" गिऱ्हाईक म्हणायचं, "आहे, आहे." हेच गिऱ्हाईक रद्दीच्या भावावर अर्धा तास घसा फोडायचं, जाताना वर आणखी एक नाणं मागून घ्यायचं आणि जिंकल्याच्या थाटात निघून जायचं. माझ्या पाठीकडे पंधरा वर्षांत एकानंही पाहिलं नाही. मित्रांनो, अशा लोकांना फसवलं जातं याचं मला वाईट वाटायचं बंद झालं. मीच त्यांची कीव करू लागलो, आणि मग कीवही करेनासा झालो.

या गिऱ्हाइकांत मालकाची थोरली बहीण होती. आपण तिला ताईच म्हणू. ताई शिवणकाम करते. खुर्च्यांची कव्हरं, जाड पडदे, ताडपत्र्या. तिचं मशीन जुनं, काळं आणि बिडाचं. कापडाचे सहा पदर घातले तरी ते कुरकुरत नसे. आमच्या पत्र्याच्या शेडला पावसाच्या बाजूनं जो जाड पडदा आहे तो तिनंच त्या मशीनवर शिवून दिला आणि भावाकडून शिलाई घेतली नाही. दर महिन्याला ती चिंध्यांचं पोतं आणायची. मालक ते माझ्या हुकाला लावायचा. मी पाचाचे चार सांगायचो. तो तेवढंच मोठ्यानं वाचायचा, आणि बहीण म्हणून तिला चहा पाजायचा. चहात मात्र काही कमी करत नसे. दुधाळ, भरपूर साखरेचा. माणसाचं मन कुठे कुठे हलकं होतं ते बघून मला हसू यायचं.

ताईची लेक लग्न होऊन दूर देशी गेली. तिलाही शिवणकाम येतं. तिथे एका सभागृहाच्या चाळीस खुर्च्यांना जाड कापडाची कव्हरं शिवून द्यायचं काम तिला मिळालं. वेळेत दिलं तर पुढचं सगळं काम तिच्याकडेच येणार होतं. पण तिचं नवं मशीन प्लॅस्टिकचं. दोन पदरांत सुई मोडून बसायचं. मग ताईनं ठरवलं की आपलं मशीन आपणच घेऊन जायचं. चिंध्यांचे साठवलेले पैसे तिनं तिकिटाला लावले. पुढच्या शनिवारी कव्हरं द्यायची होती आणि ताई त्याच्या आधीच्या सोमवारी निघणार होती. मशीन पोचलं तर काम टिकणार, नाही तर नाही. इतकं ते सरळ होतं.

सरळ गोष्ट वाकडी करायला घरात एक जाणकार माणूस लागतो. तो होता. ताईचे यजमान, म्हणजे माझ्या मालकाचे भाऊजी. बारा वर्षांपूर्वी कचेरीनं त्यांना एकदा विमानानं कुठल्याशा परिषदेला पाठवलं होतं. तेव्हापासून घराण्यातले विमानतज्ज्ञ तेच. कोणी विमानाचं नाव काढलं की ते खुर्चीत सरसावून बसत.

"माणशी तीस किलो," ते म्हणाले. "मी स्वतः गेलोय."

लेकीनं फोनवर सांगितलं होतं, "आई, हे स्वस्तातलं तिकीट आहे. मोठी बॅग एकच आणि तीही पंधरा किलोची. हातातली सात किलोची. बाबांना ते आलेलं सगळं नीट वाचायला सांग हं."

तिकिटाबरोबर नियमांचं पान आलं होतं. भाऊजींनी ते फोनवर बोटानं इतक्या वेगानं वर सरकवलं की पानालाही गरगरलं असेल. "हे सगळं लिहायचं म्हणून लिहितात. पंधरा म्हणजे सतरापर्यंत सोडतात. कोण बघतं एवढं?" ताई म्हणाली, "वाचून तर घ्या ना एकदा." ते म्हणाले, "अगं, मला नको शिकवू." मित्रांनो, त्या पानावर जेमतेम आठ ओळी होत्या. माझ्या तबकडीवर त्यापेक्षा जास्त आकडे आहेत आणि ते मी अशिक्षित लोखंडानंसुद्धा पाठ केलेत.

ताईनं मात्र पंधरा म्हणजे पंधराच धरलं. घरात वजनकाटा नव्हता. भावाकडे होता. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन शेडमध्ये आली. मशीन जुन्या चादरीत गुंडाळून मधोमध, कडेनं कपडे आणि वर मामानं, म्हणजे माझ्या मालकानं, भाचीच्या शिवणाच्या दुकानाच्या दाराला लावायला दिलेली पितळी घंटा. घंटाही माझ्यावरच तोलली होती. मी दीड किलो म्हणालो होतो.

मालकानं बॅग हुकाला लावली. मी पंधरा दाखवले. ताईच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की क्षणभर मला वाटलं, स्प्रिंग तुटून जावी. खरं वजन पावणेएकोणीस होतं. हे जगात दोघांनाच माहीत होतं, मला आणि मालकाला. मला तोंड नाही. त्याला होतं.

तो काय म्हणाला ऐका. म्हणाला, "ताई, एखादा किलो कमी केलास तर बरं. विमानाचं काही सांगता येत नाही."

"अरे, बरोबर पंधरा आहेत की."

"नाही, म्हणजे आपलं असंच."

असंच! पंधरा वर्षं बहिणीला नागवणारा माणूस, आणि खरं बोलायची वेळ आली तर त्याच्या तोंडून निघालं काय, तर 'आपलं असंच'. तारेनं आवळलेले वेढे त्याच्या गळ्यात असते तर बरं झालं असतं. मी तेव्हा त्याचा जेवढा तिरस्कार केला तेवढा गंजाचाही केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे मालकाच्या टेम्पोतून विमानतळावर निघाले. आणि मलाही सोबत घेतलं. कल्पना अर्थातच भाऊजींची. "तिथले लोक काटा चढवून ठेवतात," ते म्हणाले. "आपला काटा बरोबर असलेला बरा. फसवायला गेले तर तिथल्या तिथे तोंडावर मारू." मालकानं गाडी सुरू करताना दोनदा बंद पाडली.

विमानतळ म्हणजे मोठं स्वच्छ पार्सल ऑफिसच निघालं. तीच रांग, तेच श्वास रोखलेले चेहरे, फक्त फरशी जास्त चकचकीत. आमच्या पुढे एका माणसाची बॅग लोखंडी चौकटीत बसेना. तो तिला गुडघ्यानं ढकलत होता आणि चौकटीला दोष देत होता. पलीकडे एक कुटुंब फरशीवर बसून एका बॅगेतलं दुसऱ्या बॅगेत घालत होतं आणि आपसांत भांडत होतं. दोन बॅगा मिळून वजन तेच राहतं हे त्यांच्यापैकी एकालाही सुचत नव्हतं. शिकलेसवरलेले लोक, मित्रांनो. कपडे तर इतके इस्त्रीचे!

काउंटरवर गणवेशातल्या एक बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती. बॅग त्यांनी पट्ट्यावर ठेवायला सांगितली आणि नाक पुसून म्हणाल्या, "वीस किलो. पाच किलो जादा आहे, मॅडम."

"वीस?" ताई म्हणाली. "घरी पंधरा होती हो."

"जादा वजन घरूनच आधी पैसे भरून घेतलं असतंत तर स्वस्त पडलं असतं. नियमांत लिहिलेलं असतं. इथे जवळजवळ तिप्पट लागतं." त्यांनी आकडा सांगितला. ताईनं नुसती पर्स घट्ट धरली.

भाऊजींना हाच क्षण हवा होता. त्यांनी पिशवीतून मला बाहेर काढलं आणि वर धरलं. "तुमचा काटा खोटा आहे! हा बघा, सरकारी शिक्क्याचा काटा!" मग मेहुण्याला म्हणाले, "अरे, बघतोस काय? ये, धर वर."

मालक पुढे आला. दोघांनी मला उचललं आणि बॅग हुकाला लावली. मी सोळा दाखवले.

"सोळा!" भाऊजी ओरडले. "बघा सगळ्यांनी! चार किलो चढवतात हे लोक!"

ताई जवळ आली. "सोळा कसे? काल पंधरा होते." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. भाऊजींचा आवाज एकदम खाली आला. कचेरीतून निवृत्त होताना मिळालेली संगमरवरी बैठकीची ढाल त्यांनी सकाळी गुपचूप बॅगेत सरकवली होती. जावयाला दाखवायला. "म्हटलं ना, सतरापर्यंत सोडतात," ते पुटपुटले.

पण रांगेला आता चेव आला होता. गुडघ्यानं बॅग ढकलणारा माणूस म्हणाला, "बरोबर आहे, हे मुद्दाम करतात." कोणी म्हणालं, "सोडू नका, काका." कोणी माझा फोटो काढला. ज्यांनी आयुष्यात नियमांचं एक पान वाचलेलं नव्हतं ते सगळे माझ्या बाजूनं उभे राहिले. एवढा मान मला पार्सल ऑफिसातही मिळाला नव्हता. मला त्या मानाची शिसारी आली.

बाईंनी बॅग शेजारच्या काउंटरवर ठेवून पाहिली. तिथेही वीस. भाऊजी म्हणाले, "दोन्ही खोटे!" बाईंनी पुन्हा नाक पुसलं. "काका, तुम्हाला तक्रार करायची असेल तर मी सुपरवायझरना बोलावते. ते लिहून घेतील. पण आमचं काउंटर पंचवीस मिनिटांत बंद होतं. बॅग तोवर आत गेली नाही, तर मॅडमना जाता येणार नाही."

"बोलवा!" भाऊजी गरजले. "लिहूनच घ्या!"

ताई एकदा बॅगेकडे बघे, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे. "अहो, राहू द्या ना," ती म्हणत होती, पण तिचं कोण ऐकतंय.

मी अजून मालकाच्या हातात होतो. मला वाटलं, हा आताही 'आपलं असंच' म्हणणार. मी त्याला तेवढाच ओळखत होतो.

"भाऊजी, थांबा," तो म्हणाला. "काटा आपलाच खोटा आहे."

"काय?"

"आपला काटा कमी दाखवतो. पाचाचे चार. मीच तसा केलाय. आत तार आहे."

फोटो काढणाऱ्यानं फोन खिशात घातला. भाऊजींनी माझ्यावरचा हात असा काढून घेतला की जणू मी चटका दिला. ताई भावाकडे वळली. तिनं फक्त एक विचारलं.

"माझ्या चिंध्या यावरच तोलायचास ना?"

त्यानं हो म्हणून मान हलवली. मग त्यानं घाईघाईनं खिशातून पैसे काढले. "ताई, जादाचे मी भरतो. सगळे भरतो. घे."

"ठेव तुझ्याकडे," ताई म्हणाली. "माझेच आहेत, पण ठेव."

आणि तिनं फरशीवर बसून बॅग उघडली. मित्रांनो, मी पुष्कळ माणसं बॅगा उघडताना पाहिली आहेत. सगळी घाबरून उघडतात. ताईनं कापड बेतायला घ्यावं तशी उघडली. पहिली घंटा काढली आणि भावाच्या हातात दिली. मग ढाल काढून नवऱ्याच्या हातात दिली. मग स्वतःचे कपडे एकेक करून बाजूला ठेवले. हातातल्या बॅगेत जागा नव्हती, तीही सात किलोला टेकली होती. म्हणून तिनं अंगावर स्वेटर चढवला, त्यावर कोट, आणि उरलेलं नवऱ्याच्या खांद्यावर टाकलं. हातातल्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून शिवणाची मोठी कात्री डोकावत होती. बाई म्हणाल्या, "ती वर नेऊ देणार नाहीत, खाली बॅगेत घाला." ताईनं कात्री मशीनच्या चादरीत खोचली. मशीनला तिनं हातही लावला नाही.

बॅग पट्ट्यावर गेली. चौदा किलो नऊशे.

"बसलं," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. ताई कोटाची बटणं लावत आत गेली. दारापाशी तिनं वळून हात केला. तो नवऱ्याला होता की भावाला हे दोघांनाही कळलं नाही, कारण दोघांचेही हात भरलेले होते.

दुसऱ्या दिवशी मालकानं शेड उघडली नाही. आत बसून माझं झाकण काढलं आणि पक्कडीनं तार तोडली. मग पहिली घंटा लटकवली. एक किलो नऊशे.

तुम्हाला वाटेल, मग त्यानं गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. छे! एवढी छाती त्याच्याकडे नाही. आणि गिऱ्हाइकांना तरी कुठे कळलंय? एक म्हातारे गृहस्थ तर परवा फुशारकीनं म्हणाले, "माझे गठ्ठे नीट बांधलेले असतात, म्हणून वजन भरतं बघा." मी पुन्हा खरं बोलायला लागलो तर असे ऐकणारे मिळाले. घ्या.

लेकीची चाळीस कव्हरं शुक्रवारीच तयार झाली. मशीन तिकडेच राहिलं. ताई तीन महिन्यांनी परतली. आता तिच्याकडे दुसरं मशीन आहे. चिंध्या होतातच. परत आल्यावर एका सकाळी ती पोतं घेऊन शेडमध्ये आली. मालकानं चहा टाकला. पोतं हुकाला लावलं आणि वाचलं, "वीस किलो दोनशे." ताईनं माझ्या तबकडीकडे पाहिलंच नाही. "उतरव तो काटा," ती म्हणाली. मालकानं मला उतरवलं आणि स्वतःच स्क्रूड्रायव्हर तिच्यापुढे धरला. तिनं चार स्क्रू काढले, झाकण उचललं, वीस वेढे बघितले, झाकण परत लावलं. मग म्हणाली, "लिही."

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी विमानानं जाणार असेल तर घरातल्या जाणकाराला बाजूला बसवा आणि तिकिटाबरोबरचं पान स्वतः वाचा. किती बॅगा, किती किलो, किती लांबरुंद, वर काय चालतं आणि खाली काय घालायचं. पंधरा लिहिले असतील तर ते पंधराच असतात. जास्त लागणार असेल तर ते आधीच पैसे भरून घ्या, काउंटरवर रडू नका. आणि वजनासाठी कोणाचा काटा मागून आणलात तर त्याचं शून्य बघून खूश होऊ नका. पाच लिटर पाण्यानं भरलेला डबा आधी त्याला टांगा. तबकडीपेक्षा पाठ जास्त बघा. एवढं तुम्हाला जमेल अशी माझी फारशी आशा नाही, पण सांगणं माझं काम आहे.

ताई आता दर महिन्याला येते. चहा घेते, भावाशी बोलते, लेकीचे फोटो दाखवते. पोतं तोलून झालं की मालक स्क्रूड्रायव्हर पुढे करतो. दर वेळी करताना त्याला वाटतं की या वेळी ती 'राहू दे' म्हणेल. मलाही आता तसं वाटायला लागलंय. अजून म्हणाली नाही.